शॉवेलची भरणी आणि आमचे प्रतीपगमन

कला शाखेच्या विद्यार्थ्याचा खाणीशी काय संबंध, असे कोणी विचारील. माझे थोरले बंधू चंद्रपूरकडील उघड्या कोळसा खाणीत शॉवेल चालवतात; भरणी घटली की ठपका त्यांच्यावर! अर्थशास्त्राच्या तासाला प्रतीपगमन शिकलो आणि प्रश्न नव्याने दिसला. ताशी भरलेले टन हे परतंत्र चल. सुरुंगाने दगड किती बारीक फुटला, बकेटचे आकारमान, फिरण्याचा कोन, डंपरसाठी थांबण्याचा वेळ हे स्वतंत्र घटक. ९० ऐवजी १८० अंश फिरावे लागले की प्रत्येक फेरी लांबते. यात चालकाचा काय दोष?

गोम पुढेच आहे. पावसात माल बकेटला चिकटतो आणि चिखलामुळे डंपरही रखडतात. दोन्ही जोडीनेच बदलले, तर कोणाचा वाटा किती, हे समीकरण खात्रीने सांगत नाही. म्हणून कोरड्या दिवशी डंपर कमी पडले, त्या पाळ्यांच्या नोंदीही हव्यात. दादा आता त्या वहीत टिपतात.