युव्हायटिसचा खर्च : गोळी स्वस्त, तपासण्या चुकवू नका

डोळ्याच्या आतली सूज, म्हणजे युव्हायटिस, थेंबांनी आवरत नाही किंवा स्टेरॉइड कमी केलं की पुन्हा उसळते, तेव्हा डॉक्टर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू करतात. सूज शांत झाल्यावरही ती बहुधा दोनेक वर्षं चालतात. म्हणून खर्चाचा हिशेब महिन्याचा नको, वर्षांचा करा.

मेथोट्रेक्सेट सर्वांत स्वस्त, महिन्याला साधारण शंभर-दोनशे रुपये. अझाथायोप्रिनला पाचशे ते हजार. मायकोफेनोलेटच्या रोज चार-सहा गोळ्या लागतात, तिथे खर्च काही हजारांवर जातो. अडालिमुमॅबचं इंजेक्शन पंधरवड्याला एक. त्याचं देशी रूप झायडसने 2014 मध्ये आणलं, तरी एकेक इंजेक्शन हजारांतच पडतं.

महाग ते गुणकारी, असं मात्र नाही. 2019 मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात 216 रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. मदुराई-कोइम्बतूरची अरविंद रुग्णालयंही तीत होती. मेथोट्रेक्सेट मायकोफेनोलेटपेक्षा कमी पडलं नाही. तेव्हा "आधी मेथोट्रेक्सेट चालेल का?" हे डॉक्टरांना बिनदिक्कत विचारा.

गोळी स्वस्त असली, तर खरा पैसा तपासण्यांत जातो. सुरुवातीला क्षयरोग, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, सिफिलिस आणि छातीचा एक्स-रे. क्षयरोगाची रक्ततपासणी एकटीच दोन-तीन हजारांची, पण आपल्याकडे ती टाळणं धोक्याचं. दबलेला क्षय या औषधांनी उफाळू शकतो. पुढे रक्तपेशी, यकृत, क्रिएटिनिन; आधी दर काही आठवड्यांनी, मग दोन-तीन महिन्यांनी. पैसे वाचवायला लोक नेमक्या याच गाळतात, आणि तिथेच घात होतो.

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत खासगी डॉक्टरांकडे एका भेटीची फी आणि प्रयोगशाळेचे दर आधीच विचारून घ्या. मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा मिहानच्या एम्समध्ये नेत्रविभागासोबत मेडिसिन विभागही असतो, तपासण्याही स्वस्त पडतात. राज्याची 15 ऑगस्ट 2023 पासूनची मोफत उपचारांची सवलत आरोग्य विभागाच्या रुग्णालयांना आहे. मेडिकल-मेयो वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, तिथे ती गृहीत धरू नका. जनआरोग्य योजनेचा भर भरती आणि शस्त्रक्रियांवर आहे, रोजच्या गोळ्यांसाठी त्यावर विसंबू नका. पाकिटावरचं घटकाचं नाव बघून जेनेरिक मागा, पण कंपनी बदलली तर डॉक्टरांना सांगा.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज घेतलं तर जिवावर बेततं. स्ट्रिपवर पेनाने 'फक्त रविवार' असं मोठ्या अक्षरांत लिहा आणि सोबत दिलेली फॉलिक अॅसिडची गोळी वेगळ्या डबीत ठेवा. मूल हवं असेल तर आधीच बोला. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट गर्भाला घातक आहेत. स्टेरॉइड मनाने एकदम बंद करू नका.

अडालिमुमॅबचं इंजेक्शन घेत असाल तर ते 2 ते 8 अंशांत राहायला हवं. मे महिन्यात दुकानातून घरी आणताना बर्फाचा डबा सोबत न्या. पण इंजेक्शन बर्फाला थेट टेकू देऊ नका, गोठलं तर ते टाकूनच द्यावं लागतं.