‘रिपेरियन’ : स्थळ आणि हक्क

‘रिपेरियन’ या इंग्रजी विशेषणाचे मूळ लॅटिन ‘रिपा’, म्हणजे काठ. ‘तटवर्ती’ हा मराठी प्रतिशब्द केवळ स्थळ सांगतो. कायद्याच्या परिभाषेत मात्र मूळ शब्दातून काठाच्या जमिनीबरोबर येणारा पाण्याचा हक्कही सूचित होतो. परभणी जिल्ह्यात येलदरी येथे पूर्णा नदीवरील धरण १९६८ साली पूर्ण झाले. अशा जलाशयाकाठचे गाव ‘तटवर्ती’ खरे. परंतु कालव्याचे पाणी ‘लाभक्षेत्रा’कडे जाते. ‘धरणग्रस्त’ व ‘लाभधारक’ हे शब्द स्थळ आणि हक्क यांतील हीच फारकत दाखवितात. यास्तव ‘तटवर्ती वनस्पती’ योग्य असले, तरी हक्काच्या संदर्भात ‘तटहक्कविषयक वाद’ अशी योजना अधिक अर्थवाही ठरते.