गणवेशाचा मान

२६ जानेवारीची सकाळ. वऱ्हाडातील थंडी अजून ओसरलेली नसते. शिवारात गव्हा-हरभऱ्याच्या पिकांवर दहिवर चमकत असते. अशा वेळी वाशीम शहरातील रस्त्यांवरून खाकी गणवेश घातलेली मुले-मुली झपझप पावले टाकीत संचलनाच्या मैदानाकडे निघालेली दिसतात. डोक्यावर लाल तुऱ्याची टोपी, कमरेला पट्टा आणि पायांत लखलखीत बूट. ही मुले म्हणजे राष्ट्रीय छात्रसेनेचे छात्रसैनिक होत.

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वाशीम हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. तेव्हापासून प्रजासत्ताकदिन, महाराष्ट्रदिन आणि स्वातंत्र्यदिन यांचे जिल्ह्याचे मुख्य समारंभ येथे होतात. तिरंगा फडकतो, राष्ट्रगीताचे सूर घुमतात आणि मग संचलन सुरू होते. पोलिसांच्या पथकांच्या मागून छात्रसेनेचे पथक येते. ‘दाहिने देख’ ही आज्ञा होताच सर्वांच्या माना एकदम उजवीकडे वळतात. ही आज्ञा हिंदीत असते. कारण काश्मीरचा छात्रसैनिक असो की केरळचा, शिबिरात एकत्र आल्यावर सर्वांना एकच आज्ञा समजावी लागते. पथक पुढे जाते आणि टाळ्यांचा कडकडाट होतो.

टाळ्या वाजविणाऱ्या बालकांच्या मनात तेव्हा एक प्रश्न उभा राहतो. ही शिस्त, हा गणवेश, ही सलामी कशासाठी? केवळ वर्षातून तीन दिवस शोभा आणावी, एवढ्यासाठीच का?

या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी थोडे मागे जावे लागते. पहिले महायुद्ध चालू असताना, १९१७ साली, इंग्रज सरकारने विद्यापीठांतील तरुणांची पथके उभारली. सैन्यातील उणीव भरून काढणे हा त्यामागील हेतू होता. देश स्वतंत्र होण्याच्या सुमारास मात्र निराळा विचार पुढे आला. पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ साली एक समिती नेमण्यात आली. साऱ्या देशातील शाळा-महाविद्यालयांसाठी एक छात्रसंघटना असावी, अशी शिफारस तिने केली. त्यानुसार १९४८ साली संसदेचे काम पाहणाऱ्या संविधानसभेने कायदा केला आणि राष्ट्रीय छात्रसेना अस्तित्वात आली. पुढच्याच वर्षी मुलींसाठीही विभाग निघाला. त्यानंतर वायुदलाची व नौदलाची शाखा सुरू झाली. छात्रसेनेच्या ध्वजावरील तांबडा, गडद निळा आणि फिकट निळा हे तीन रंग भूदल, नौदल व वायुदल यांची खूण आहेत.

छात्रसेनेत दाखल होणाऱ्यावर युद्धावर जाण्याचे बंधन नसते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. छात्रसेनेचा हेतू सैनिक भरती करणे एवढाच नाही. चांगला नागरिक घडविणे हा आहे. ‘एकता और अनुशासन’ हे तिचे ब्रीदवाक्य १९८० साली ठरले. त्याचा अर्थ ऐक्य आणि शिस्त.

शाळेतील विद्यार्थी कनिष्ठ विभागात दोन वर्षे शिक्षण घेतात. नव्या छात्रसैनिकाला पहिले काही दिवस कंटाळवाणे वाटतात. नीट उभे राहणे, वळणे, थांबणे, पुन्हा चालणे हेच पुनःपुन्हा चालते. एकाचा पाय चुकला की साऱ्या रांगेला थांबावे लागते. मग हळूहळू त्याच्या लक्षात येते की, येथे सर्वांत पुढे धावणाऱ्याला मान नाही. शेजाऱ्याच्या पावलाशी पाऊल जुळविणाऱ्याला आहे. शिबिरात हा धडा अधिक पक्का होतो. पहाटे उठणे, आपले अंथरूण आपण घडी करणे, आपले ताट आपण घासणे, रांगेत उभे राहून जेवण घेणे या गोष्टी तेथे कोणालाच चुकत नाहीत. नकाशा वाचणे, नेमबाजी, जखमेला पट्टी बांधणे, रुग्णाला उचलून नेणे या गोष्टीही शिकविल्या जातात. शेतकऱ्याचा मुलगा आणि अधिकाऱ्याचा मुलगा एकाच तंबूत झोपतात.

परंतु या शिक्षणाची खरी परीक्षा मैदानावर होत नाही. ती मैदानाबाहेर होते.

वाशीम जिल्ह्याची भूमी दोन उतारांची आहे. येथील डोंगरात उगम पावणारी काटेपूर्णा उत्तरेकडे वाहत जाऊन पूर्णेला मिळते; पूर्णा तापीला मिळते आणि तापी अरबी समुद्रास जाते. अडाण व अरुणावती यांचे पाणी मात्र पैनगंगेकडे वळते आणि वर्धा, प्राणहिता व गोदावरी यांच्यामधून बंगालच्या उपसागरास पोहोचते. एकाच जिल्ह्यावर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांकडे निघून जातो. पावसाळ्यात दुथडी वाहणारे नाले उन्हाळ्यात कोरडे पडतात आणि गावोगावी पाण्यासाठी पायपीट सुरू होते.

हे पाणी थोडा काळ तरी अडवावे म्हणून पाऊस सरता सरता नाल्यावर वनराई बंधारा घालतात. त्यासाठी सिमेंटची रिकामी पोती पुरतात. पोत्यांत माती किंवा वाळू भरावयाची, त्यांची तोंडे शिवावयाची आणि वाहत्या नाल्यात ती एकावर एक नीट रचावयाची. अशा श्रमदानात शाळा-महाविद्यालयांतील मुले जेव्हा उतरतात, तेव्हा कवायतीचा उपयोग दिसून येतो. एक तुकडी माती भरते, दुसरी पोती शिवते आणि तिसरी नाल्यापर्यंत रांग धरते. पोते हातोहात पुढे सरकते. रांगेतील एक जण रेंगाळला तर सारे काम अडते. एकाने घाई केली तर पोते खाली पडून फुटते. मैदानावर जे पावलांनी शिकलेले असते, ते येथे हातांना उपयोगी पडते. दिवस मावळताना बंधाऱ्यामागे पाणी तुंबू लागते. ते गुराढोरांना पिण्यास मिळते, आसपासच्या विहिरींना त्याचा आधार होतो आणि एखाद्या शेतातील हरभऱ्याला पाण्याची एखादी पाळीही देता येते.

२०२१ च्या डिसेंबरात छात्रसेनेने ‘पुनीत सागर’ अभियान हाती घेतले. समुद्रकिनाऱ्यांवरील प्लॅस्टिकचा कचरा वेचण्यापासून त्याचा आरंभ झाला. पुढे नद्या व तलावही त्यात आले. समुद्रापासून दूर असलेल्या वाशीमच्या मुलांचा समुद्राशी काय संबंध, असे कोणाला वाटेल. परंतु येथल्या नाल्यात टाकलेली पिशवी पुराबरोबर एका समुद्राकडे तरी निघालेलीच असते. म्हणून येथील ओढ्याचा काठ स्वच्छ ठेवणे हीदेखील समुद्राचीच सेवा होय.

देशावर संकट आले तेव्हाही छात्रसैनिक मागे राहिले नाहीत. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत त्यांनी दारूगोळ्याच्या कारखान्यांना मदत केली, नागरी संरक्षणाची कामे केली आणि रहदारी सांभाळली. २०२० साली करोनाची साथ पसरली असताना अठरा वर्षांवरील छात्रसैनिकांना स्वेच्छेने पुढे येण्याचे आवाहन करण्यात आले. त्या वेळी त्यांनी गरजूंना अन्नधान्य वाटण्यात, रांगा लावण्यात आणि रहदारी नियंत्रित करण्यात साहाय्य केले. या कामांत बँड नव्हता आणि टाळ्याही नव्हत्या.

स्वेच्छा हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. चीनच्या आक्रमणानंतर, १९६३ साली, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना छात्रसेना सक्तीची करण्यात आली होती. १९६८ साली ती सक्ती उठली आणि छात्रसेना पुन्हा ऐच्छिक झाली. आज जो विद्यार्थी हा गणवेश अंगावर चढवितो, तो आपण होऊन चढवितो. दुसऱ्याने लादलेली शिस्त पहारा उठताच संपते. स्वतः स्वीकारलेली शिस्त मात्र कोणी पाहत नसतानाही टिकते.

प्रजासत्ताकदिनाचा समारंभ संपतो. लोक पांगू लागतात. मैदानावर कागदाचे तुकडे आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या इतस्ततः विखुरलेल्या असतात. ज्याला गणवेशाचा अर्थ उमगला, तो छात्रसैनिक अशा वेळी तसाच घरी परतत नाही. तो वाकून त्या बाटल्या वेचू लागतो. त्याच्या चकचकीत बुटांवर धूळ बसते, बाह्यांना डाग पडतात. त्या क्षणी त्याला कोणी सलामी देत नाही. परंतु गणवेशाचा मान खऱ्या अर्थाने त्याने तेव्हाच राखलेला असतो.

स्वाध्याय

१. कुंझरू समितीने कोणती शिफारस केली?
२. छात्रसेनेच्या ध्वजावरील तीन रंग कशाची खूण आहेत?
३. ‘मैदानावर जे पावलांनी शिकलेले असते, ते येथे हातांना उपयोगी पडते.’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
४. नकाशात काटेपूर्णा व पैनगंगा या नद्या शोधा आणि त्यांचे पाणी समुद्रापर्यंत कोणत्या मार्गाने जाते ते लिहा.
५. लादलेली शिस्त आणि स्वतः स्वीकारलेली शिस्त यांतील भेद आपल्या अनुभवातील एक उदाहरण देऊन सांगा.