विद्यार्थ्याची अध्ययनप्रकृती : श्रवण, दर्शन की कर्माभ्यास?

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या परिसरातील अनेक वैद्यांच्या चिकित्सालयांत सुट्टीच्या काळात बी.ए.एम.एस.चे एक-दोन विद्यार्थी बसलेले आढळतात. काही समव्यवसायी बंधूंचे पाल्य असतात, काही औषधी विक्रेत्यांची मुले, तर काही केवळ घरापासून जवळ म्हणून आलेले. रुग्णांची वर्दळ ओसरली की त्यांचा एक प्रश्न हमखास पुढे येतो : "सर, पाठांतर टिकत नाही, अभ्यास नेमका कसा करावा?" या प्रश्नाला आम्ही पुष्कळ वर्षे एकच उत्तर देत आलो, ते म्हणजे पाठ होईपर्यंत वाचत राहा. ते उत्तर अपुरे होते. एका विद्यार्थ्याच्या बाबतीत त्या उत्तराने त्याचे शिक्षणच खंडित व्हायचे होते, म्हणून हा लेखनप्रपंच.

सदर विद्यार्थी उल्हासनगरच्या एका कॅम्पमधील. घरी काष्ठौषधींचे दुकान, मातृभाषा सिंधी, शालेय शिक्षण इंग्रजी माध्यमातून. मुस्ता, वचा, कुष्ठ ही द्रव्ये तो डोळे मिटून केवळ गंधावरून ओळखीत असे. तथापि द्रव्यगुणाच्या परीक्षेत तो दोन वेळा अनुत्तीर्ण झाला होता. संस्कृत श्लोकाचा संधी फोडतानाच त्याची दमछाक होई आणि रस, वीर्य, विपाक सांगण्यापर्यंत गाडी पोहोचतच नसे. त्याच सुमारास बदलापूरची एक विद्यार्थिनी आमच्याकडे येत होती. महाविद्यालयात जाता-येता लोकलमध्ये दीड दीड तास तिने श्लोक घोकलेले. अष्टांगहृदयाचे सूत्रस्थान तिच्या जिव्हाग्री. (लोकलच्या डब्यातील भजनी मंडळांच्या टाळांच्या ठेक्यावर आम्हीही एकेकाळी श्लोक पाठ केले आहेत. ती सोय पुढच्या पिढीलाही लाभली, याचे समाधान वाटते.) साहजिकच आम्ही तिची प्रशंसा करीत असू आणि त्या मुलाला तिचे उदाहरण देत असू. मुलाने शिक्षण सोडण्याचा विचार पक्का केला होता. वडिलांनी त्याला गल्ल्यावर बसवण्यास प्रारंभही केला होता.

एके दिवशी अंबरनाथ येथे एका रुग्णाच्या घरी जाताना दोघेही समवेत होते. गृहसंकुलाच्या कुंपणालगतच्या उंच, सरळसोट, लोंबत्या पानांच्या झाडांकडे बोट दाखवून विद्यार्थिनीने अशोकाचे गुणधर्म श्लोकासह सांगितले. श्लोक निर्दोष होता. झाड मात्र अशोक नव्हते. मुलगा संकोचत म्हणाला, "सर, हा तो अशोक नाही. औषधातला सीताअशोक वेगळा. दुकानात येणाऱ्या पोत्यांतही कधी कधी याच झाडाची साल निघते." आम्ही ज्या दोघांची तुलना करीत होतो, त्या तुलनेचे मापच खोटे होते, हे त्या क्षणी ध्यानी आले.

सुश्रुताचार्यांनी केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा या दोघांनाही एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे. ही उपमा आपण सर्वांनी परीक्षेत लिहिली आहे. असे दोन पक्षी समोर बसले असताना मात्र आम्ही एकालाच उजवे ठरवीत होतो.

आधुनिक शिक्षणशास्त्रात या विषयाचा बराच ऊहापोह झाला आहे. न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग व कॉलीन मिल्स यांनी 1992 मध्ये दर्शन, श्रवण, वाचन-लेखन व कृती अशा चार वाटांनी विद्यार्थ्यांची आवड ओळखणारी प्रश्नावली मांडली व ती जगभर पसरली. या मताने पाहिल्यास मुलगा कृतीतून शिकणारा आणि मुलगी श्रवणातून शिकणारी. तेव्हा ज्याला त्याला त्याच्याच वाटेने शिकवावे, हा मोह आम्हालाही झाला. त्याला आम्ही प्रकृतिविचाराचीही जोड देऊन पाहिली. चरकाचार्य विमानस्थानात वातप्रकृतीच्या व्यक्तीला चटकन ग्रहण करणारी परंतु अल्पस्मृतीची म्हणतात. सुश्रुतसंहितेत पित्तप्रकृतीची व्यक्ती मेधावी, तर कफप्रकृतीची दृढशास्त्रमती असे वर्णन येते. सगळे कसे चपखल जुळते!

परंतु अधिक वाचन केल्यावर आम्हाला थांबावे लागले. हॅरॉल्ड पॅशलर व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी 2008 मध्ये या विषयावरील संशोधनाचा परामर्श घेतला. विद्यार्थ्यांना आवडीनिवडी असतात हे त्यांना मान्य आहे; परंतु आवडीच्या वाटेने शिकवल्यास ज्ञान अधिक होते, याला पुरेसा आधार त्यांना आढळला नाही. आम्हाला हे मत पटते आणि त्याचे कारण आपल्याच भैषज्यकल्पनेत आहे. तैलपाक सिद्ध झाला हे कशाने कळते? कल्क बोटांत वळला असता त्याची वात होते, हे स्पर्शाने. अग्नीत टाकला असता तडतड होत नाही, हे कानाने. तैलावर फेस येतो आणि घृताचा फेस शमतो, हे डोळ्यांनी. शिवाय गंध, वर्ण व रस यांची उत्पत्ती पाहावयाची. 'मी श्रवणातून शिकणारा आहे' असे म्हणून फेसाकडे दुर्लक्ष करणाऱ्याचे तैल खरपाकी होईल आणि नुकसान औषधनिर्मात्याचे होईल. कोणत्या इंद्रियाने शिकावयाचे हे पुष्कळ वेळा विद्यार्थी ठरवीत नाही, विषय ठरवतो. म्हणूनच सुश्रुताचार्य योग्यासूत्रीय अध्यायात छेदनासाठी कोहळा व भोपळा, वेधनासाठी मृत पशूची सिरा व कमळाचा देठ, बंधनासाठी मनुष्याकृती पुतळा अशी साधने कर्मागणिक सांगतात, शिष्यागणिक नव्हे.

मग विद्यार्थ्याने स्वतःविषयी शोधावयाचे ते काय? आमच्या मते आपले ज्ञान कोठून गळते, हे शोधावयाचे. येथे चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या प्रथम अध्यायात दिलेली स्मृतीची आठ कारणे अत्यंत उपयुक्त आहेत : निमित्त, रूपग्रहण, सादृश्य, सविपर्यय, सत्त्वानुबंध, अभ्यास, ज्ञानयोग व पुनःश्रुत. विद्यार्थिनीचे अभ्यास व पुनःश्रुत बळकट होते, परंतु रूपग्रहणच घडले नव्हते. मुलाचे रूपग्रहण उत्तम, पण त्या रूपाशी श्लोकाचा संबंध जोडणारा अभ्यास नव्हता. सादृश्य व विपर्यय यांचा एकत्र उपयोग कसा करावा, याला कुड्याचे उदाहरण घ्यावे. बदलापूरच्या आसपासच्या डोंगरांत पांढरा कुडा आढळतो. त्याच्या शेंगा जोडीने येतात व परस्परांपासून सुट्या राहतात. काळ्या कुड्याच्या शेंगांची जोडी टोकाशी चिकटलेली असते. एकाचे बीज कडू इंद्रजव, दुसऱ्याचे गोड. दोन्ही शेंगा शेजारी ठेवून, बीज जिभेवर ठेवून कुटजाचा तिक्त रस ज्याने एकदा अनुभवला, त्याला तो श्लोकात शोधावा लागत नाही आणि पुढे साल खरेदी करतानाही तो फसण्याचा संभव कमी.

हा शोध प्रश्नावली भरून लागत नाही, परीक्षणाने लागतो. आम्ही सुचवतो ती रीत साधी आहे. चार द्रव्ये घ्यावीत. एक केवळ वाचून, दुसरे कोणाकडून ऐकून, तिसरे हाताळून, चौथे सहाध्यायास शिकवून अभ्यासावे. दुसऱ्या दिवशी व पुन्हा सातव्या दिवशी ग्रंथ मिटून कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहावे. पुढील आठवड्यात नवीन चार द्रव्ये घ्यावीत व सोप्या-अवघड द्रव्यांची वाटणी पालटावी, अन्यथा द्रव्याच्या सोपेपणाचे श्रेय रीतीला जाईल. अभ्यास करताना वाटणाऱ्या सुलभतेवर मात्र मुळीच विसंबू नये. रोडिगर व कार्पिक यांच्या 2006 च्या प्रयोगात पुनःपुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवले. एका आठवड्यानंतर मात्र ग्रंथ मिटून आठवण्याचा सराव केलेले पुढे गेले. गंमत अशी की, आपल्या लक्षात राहील असा विश्वास वाचणाऱ्यांनाच अधिक होता. चरकाचार्यांनी पहाटे, मध्यान्ही, अपराह्णी व रात्री अध्ययनाची आवृत्ती सांगितली आहे, तिचे मर्म यातून नव्याने उमगते. वातप्रकृतीच्या विद्यार्थ्याने आवृत्तीतील अंतर कमी ठेवून पाहण्यास हरकत नाही. प्रकृतीचा इतकाच उपयोग आम्ही करतो. प्रकृतीच्या नावाखाली एखादा विषय टाळण्याची मुभा देत नाही.

मुलाच्या बाबतीत हीच रीत अवलंबिली. द्रव्य हातात, मग त्याचा श्लोक मोठ्याने, मग द्रव्य बाजूला ठेवून लेखन. सातव्या दिवसाच्या कागदांवरून दिसले की केवळ हाताळलेले द्रव्य त्याला ओळखता येई, परंतु त्याविषयी चार ओळी लिहिता येत नसत. सहाध्यायास शिकवलेले द्रव्य मात्र तो लिहू शके. तेव्हा आम्ही त्या दोघांनाच परस्परांचे अध्यापक केले. अध्ययन, अध्यापन व तद्विद्यसंभाषा हे तीन उपाय चरकाचार्यांनी सांगितलेलेच आहेत. आम्ही पहिल्यापाशीच थांबलो होतो. द्रव्यगुणात तो तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाला, तेही काठावर. संधी अजूनही चुकतो. मुलीची अडचण निराळी निघाली. न ओळखलेले द्रव्य 'मला येत नाही' असे म्हणणे तिला फार जड गेले. ते शिकण्यास तिला बराच काळ लागला.

या परिसरातील औषधी विक्रेत्या बंधूंना आमची एक विनंती आहे. अशोक, कुटज यांसारख्या नेहमी भेसळ होणाऱ्या द्रव्यांचे खरे व खोटे नमुने जोडीने, नाव न लिहिता, काचेच्या बरण्यांत ठेवावेत व वरच्या क्रमांकांची यादी स्वतःजवळ ठेवावी. आमच्याकडे अशा अकरा जोड्या जमल्या आहेत. त्यांतील चार त्या मुलाच्या वडिलांच्या दुकानातून आल्या, आणि एका बरणीबाबत त्यांचे व आमचे मत अद्याप जुळलेले नाही.