अणूंचे बंध आणि औषधनिर्मिती : कज्जली व त्रिफळा

रसशास्त्र व भैषज्यकल्पना यांतील अनेक प्रक्रियांमागे अणूंमधील बंध असतात. हा विषय आपण सर्वांनी बारावीत अभ्यासला. परंतु खल आणि काढ्याच्या पातेल्याशी त्याचा संबंध क्वचितच जोडला जातो. प्रस्तुत लेखात दोन परिचित उदाहरणांद्वारे तो पाहू.

सहसंयुज बंध : अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ मध्ये असे मांडले की, दोन अणू प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन देतात आणि तयार झालेली जोडी दोघांची सामायिक होते. ऑक्सिजनप्रमाणेच गंधकाच्या बाह्य कक्षेत ६ इलेक्ट्रॉन असतात. अशा वाटणीने ते ८ होतात.

कज्जलीतील पारद व गंधक यांचा बंध प्रामुख्याने याच प्रकारचा आहे. पारदाचा अणुभार सुमारे २००.६ व गंधकाचा ३२ आहे. म्हणजेच १० ग्रॅम पारदास केवळ १.६ ग्रॅम गंधक पुरतो. समभाग कज्जलीत तो सहापट असतो, तरीही अपुऱ्या मर्दनात पारदाचे चमकणारे कण उरतात. याचे कारण असे की, इलेक्ट्रॉनांची वाटणी होण्यासाठी अणूंचा प्रत्यक्ष स्पर्श व्हावा लागतो. मर्दनाने पारदाचे थेंब फुटून सूक्ष्म होतात व हा स्पर्श वाढतो. सारांश, गंधकाचे आधिक्य मर्दनाची उणीव भरून काढीत नाही.

को-ऑर्डिनेट बंध : येथेही जोडी सामायिकच असते, परंतु तिचे दोन्ही इलेक्ट्रॉन एकच अणू देतो, दुसरा केवळ रिक्त स्थान देतो. रक्तातील हीममध्ये चार नायट्रोजन अणूंनी लोहाला याच रीतीने धरलेले असते.

हिरड्यातील टॅनिनांमध्ये शेजारी-शेजारी असलेले ऑक्सिजन अणू लोहाला चिमट्याप्रमाणे पकडतात. हिरड्याच्या काढ्यात हिराकस टाकल्यास तो काळा पडतो. शाईही याच तत्त्वावर बनत असे. त्रिफळा काढा लोखंडी कढईत उकळला, तर हेच घडते. नाशिक जिल्ह्यात द्राक्षे विपुल असल्याने आपल्याकडे द्राक्षासव घरोघरच्या परिचयाचे आहे. द्राक्षांच्या साली-बियांत व धायटीच्या फुलांतही टॅनिन असल्याने आसवाच्या पात्राबाबत हीच दक्षता हवी.

चिकित्सेतही याचे महत्त्व आहे. चहातील टॅनिन लोहाला बांधून त्याचे शोषण घटवतात. पांडुरोगी लोहकल्प घेऊन लगेच चहा पीत असेल, तर अपेक्षित लाभ मिळत नाही.

व्यवहारात पुढील गोष्टी पाळाव्यात :

१. कज्जली निश्चंद्र होईपर्यंत मर्दन करावे. घड्याळ पाहून थांबू नये. मात्र बंध जुळला म्हणजे पारदकल्प निर्धोक झाला, असे मानू नये. मात्रा, शोधन व रुग्णावर देखरेख आवश्यकच आहे.

२. कषाय द्रव्यांचे काढे व आसवे स्टेनलेस स्टील, काच वा चिनीमातीच्या पात्रात करावीत. ग्रंथाने लोहपात्र सांगितले असल्यास, किंवा नवायस लोहासारख्या योगात त्रिफळा व लोह एकत्र असल्यास, ग्रंथोक्त पद्धतीच अनुसरावी.

३. लोहकल्प व चहा यांत किमान एक तासाचे अंतर ठेवण्यास रुग्णास आवर्जून सांगावे.