गोचिडाची नोंद कोणत्या गावी?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने गोचिडावर लेख लिहायचा म्हटल्यावर वर्गातले मित्र हसले. विज्ञान शाखेचा विषय तू कशाला पळवतोस, असे एकाने विचारलेही. पण या विषयात मला किडा दिसतो त्याआधी वही दिसते. कोणती नोंद कोणत्या खात्यावर घालायची, हा प्रश्न तर आमचाच आहे.

आमचे गाव खानापूर तालुक्यात, रानाला लागून. माझे धाकटे मामा दरवर्षी शिमग्याच्या सुमारास काजूच्या हंगामाला गोव्यात सत्तरीकडे मजुरीला जातात. २०१६ साली ते हंगाम अर्धा टाकून परत आले. एकाएकी चढलेला ताप, डोके फुटेल अशी कळ आणि अंग मोडल्यासारखे. मी तेव्हा पाचवीत होतो. दवाखान्यात विचारले, "गाव कुठलं?" मामांनी आमच्या गावाचे नाव सांगितले. गेले पंधरा दिवस कुठे होता, हे कोणी विचारले नाही आणि मामांनाही ते सांगावेसे वाटले नाही. मलेरिया निघाला नाही, गोळ्या मिळाल्या, तीन आठवड्यांनी मामा अंथरुणातून उठले. त्यांना माकडतापच झाला होता असे मी म्हणत नाही, कारण रक्त त्यासाठी तपासलेच गेले नाही. पण सत्तरीत तेव्हा माकडतापाची साथ होती आणि आपल्या बेळगाव जिल्ह्यातून तिकडे काजूला गेलेल्या मजुरांतही तो आढळला होता, हे कॉलेजात आल्यावर माझ्या वाचनात आले.

आमच्या कानडी मित्रांना हा रोग 'मंगन कायिले' या नावाने ठाऊक आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि भोवतालच्या गावांत माणसे तापाने पडली. माकडे मरतात म्हणजे हा आफ्रिकेतला पीतज्वर तर नव्हे, अशी प्रथम शंका आली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) शोध घेतला तेव्हा विषाणू निराळाच निघाला आणि वाहक ठरला गोचीड. त्याचे शास्त्रीय नाव हिमॅफिसॅलिस स्पिनिजेरा. पुढे १९८२-८३ मध्ये रोग दक्षिण कन्नडातील बेळतंगडीला गेला. तिथे काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडले होते. २०१२-१३ नंतर चामराजनगर, वायनाड, २०१५ मध्ये सत्तरी आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग.

या गोचिडाचे वर्ष पावसावर चालते. पूर्ण वाढलेले गोचीड पावसाळ्यात गुराढोरांच्या अंगावर रक्त पितात. मादी खाली गळून पडते, पाचोळ्यात अंडी घालते. पाऊस सरला की सहा पायांची, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्ले बाहेर पडतात. ती उंदीर, घुशी, माकडे, पक्षी अशा प्राण्यांचे रक्त पिऊन कात टाकतात आणि आठ पायांची होतात. हिला निम्फ म्हणतात. पिल्लाने रोगी माकडाचे रक्त प्याले असेल तर विषाणू निम्फमध्ये टिकून राहतो, आणि माणसाला चावते ती बहुधा हीच अवस्था. तिचा जोर डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत. आता आपल्याकडचे कामाचे पंचांग शेजारी ठेवून पाहा. गोठ्यासाठी पाचोळा, चुलीसाठी सरपण, काजूच्या बिया, सगळे याच महिन्यांत!

गोचीड कुठे आहेत हे पाहण्याची रीत मला फार आवडली. पांढऱ्या फ्लॅनेलचा तुकडा काठीला बांधून रानातल्या पाचोळ्यावरून ओढत न्यायचा. जनावर आले असे समजून गोचीड कापडाला चिकटतात. ते चिमट्याने उचलून कुपीत घालायचे. कुपीवर जागा आणि तारीख. एका माणसाला एका तासात किती मिळाले, हा हिशेब. मग जात व अवस्था पाहून त्यांचे गट करतात आणि प्रयोगशाळेत प्रत्येक गट विषाणूसाठी तपासतात. ज्या दिवशी एकही गोचीड मिळाला नाही तो दिवसही लिहावा लागतो. आमचे सर रोकडवहीविषयी हेच सांगतात: व्यवहार नसला तरी तारीख कोरी सोडू नये.

मेलेले माकड ही दुसरी नोंद. माकड मरून थंड झाले की अंगावरचे गोचीड उतरतात आणि तेवढीच जागा धोक्याची होते. म्हणून सभोवार पन्नास मीटरपर्यंत कीटकनाशक मारतात. आमच्या गावात मात्र मेलेले माकड मारुतीचे मानून, हळद-कुंकू लावून, वाजतगाजत पुरतात. ही श्रद्धा मी हसण्यावारी नेणार नाही, माझ्या आजोबांनीही खांदा दिला आहे. पण खांदा देण्याआधी आरोग्य केंद्राला निरोप गेला पाहिजे.

खरी अडचण पुढे आहे. रान एकच, वह्या तीन राज्यांच्या. चावा गोव्यात, ताप कर्नाटकात. चाव्यानंतर तीन ते आठ दिवसांनी ताप येतो, तोवर मजूर घरी पोहोचलेला असतो. नोंद घरच्या गावावर पडली तर जिथे गोचीड आहेत ते रान कोरेच राहते आणि जिथे नाहीत तिथे फवारणी होते. या रोगावर नेमके औषध नाही. कर्नाटकात अनेक वर्षे दिली जाणारी लसही, तिचा उपयोग पुरेसा होत नाही म्हणून, २०२२ मध्ये बंद झाली. अंगाला तेल लावणे, पूर्ण कपडे घालणे, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करणे हे उपाय खरे. पण कोणत्या रानात जाताना ते करायचे, हे वहीच सांगणार.

यंदाही मामा काजूला निघाले तेव्हा मी त्यांच्या पिशवीत खिशातली छोटी डायरी टाकली.

"ह्यात काय लिहू रे? आज किती गोचडं चावली ते?"

"नाही मामा, कुठल्या दिवशी कुठल्या बागेत होता, तेवढंच लिहा. आणि ताप आला तर डॉक्टरांना आधी ही डायरी दाखवा, मग गावाचं नाव सांगा."

परवा त्यांचा फोन आला. सात दिवस लिहिले आहेत, म्हणाले. आठव्या दिवशी पेन हरवले.