पवनीच्या नाण्यांबद्दल

महाल, नागपूर

चि. अनिकेत यास,
अनेक आशीर्वाद.

काल रात्री तुझ्या आईचा फोन आला. तू म्हणे रविवारी भंडाऱ्याहून पवनीला जातोस आणि नांगराला लागलेली नाणी शेतकऱ्यांकडून रोखीने घेतोस. ऐकीव गोष्ट आहे. खोटी असेल तर मला मनातल्या मनात दोन शिव्या घाल आणि पत्र फाडून टाक. पण खरी असेल तर काय म्हणू बाप्पा तुला? बँकेत नोकरी करतोस ना रे! जमिनीत पुरलेलं, दहा रुपयांहून अधिक मोलाचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १८७८चा कायदा आहे, आजही लागू आहे. तो गरीब लपवणार आणि लपवण्याचे पैसे तू पुरवणार. तुरुंगात मात्र तो जाईल.

तुझ्या झिजक्या नाण्यांच्या वेडाला मी कधी नावं ठेवली नाहीत. इतवारीच्या मोडीतून आणलेली ती शिवराई मीच भिंगाखाली धरून बसले होते. 'छत्रपति'मधलं नुसतं 'पति' उरलेलं, बाकी सगळं बोटाला गुळगुळीत. आणि तो राणीछाप रुपया! सराफांनी चांदी पारखायला मारलेले टोचे, वर कुणीतरी माळेत ओवायला डाग देऊन बसवलेली कडी. असल्या नाण्याला बाजारात भाव नाही, तू नेमकं तेच उचलतोस. (चिंचेने घासत नाहीस ना? घासू नकोस.)

पण शेतातलं नाणं उचललंस की ते मुकं होतं. ते कुठे होतं, कितींच्या सोबत होतं, हे पुन्हा कुणाला सांगता येत नाही. १९३९ साली तेव्हाच्या अकोला जिल्ह्यात तऱ्हाळ्याला सातवाहनांची सुमारे १,६०० नाणी एकत्र सापडली. आपल्या नागपूरच्या मिराशींनी ती वाचली, तेव्हा पुराणांच्या यादीत नसलेले कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी उजेडात आले. हौशी पोरांनी ती पाच-पाच करून नेली असती तर? आणि पवनी काय साधं गाव आहे? १९६९-७०मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने तिथे खणलं, स्तूप निघाला. तिथलं प्रत्येक ढेकूळ कुणीतरी नीट बघायला हवं.

आजी गेली तेव्हा तिच्या पितळी डब्यातले ढब्बू पैसे अण्णांनी भांड्यांबरोबर मोडीत घातले. मी बी.ए.ला होते, कळत होतं, तरी तोंड उघडलं नाही. मोठ्यांपुढे बोलायचं नसतं म्हणे. अजून जीव चुटपुटतो. म्हणून तुझ्यापुढे एवढं बोलते आहे.

पवनीला जातोस का, एवढंच खरं सांग. आईला नको सांगू, मला सांग.

घेतली असतील तर धुऊ-पुसू नकोस, विकू तर नकोसच. कुणाच्या शेतातली, कुठल्या धुऱ्याजवळची, आठवेल तेवढं लिहून ठेव. त्या शेतकऱ्यालाही विचार, त्याला काही त्रास व्हायला नको. मग आपण तिघं भंडाऱ्याला कचेरीत जाऊ. बोलणं मी करेन. म्हाताऱ्या मास्तरणीवर कुणी फारसं ओरडत नाही.

रागावले म्हणून मनाला लावून घेऊ नकोस. लहानपणी माझ्या पर्समधली चिल्लर पालथी घालायचास, तेव्हा तुला ओरडायचं मलाच सुचलं नाही. शनिवारी ये. सांबारवडी करून ठेवते. बसने ये मात्र, रात्रीची मोटरसायकल नको.

तुझी,
माई आत्या